बसवून ठेवण्याचा मान

“आतां तुम्हीं स्वस्थ बसावें, करणारीं माणसें घरांत आहेत,” असें वडिलांस सांगणें हें आमच्या समाजांत सुपुत्राचें लक्षण मानलें जातें. त्यामागील प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्याचा परिणाम मात्र हितकर नाहीं, हें स्पष्ट सांगणें आम्हांस भाग आहे.

वय दोन प्रकारचें असतें. एक पंचांगाचें व दुसरें देहाचें. पेशींतील डीएनएवरील रासायनिक खुणांवरून देहाचें वय अजमावण्याची रीत हॉर्वाथ यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केली. साठीनंतर स्नायु वेगानें झडतात हें खरें. परंतु बसून राहिल्यानें ते अधिकच झडतात. १९९० सालीं बोस्टन येथें सरासरी नव्वद वर्षांच्या दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलविण्याचा व्यायाम करविला. ज्या नऊ जणांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें. हिंगण्याहून पुण्यास वर्षानुवर्षें पायीं येजा करणारे महर्षि कर्वे शंभरी ओलांडून १९६२ सालीं निवर्तले, हेंही वाचकांस ठाऊक आहेच.

यावर कोणी विचारील कीं, माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुडसारख्या गांवीं शेतकऱ्यास व ऊसतोड मजुरास श्रम कमी पडले काय? आक्षेप रास्त आहे. विश्रांतीवांचून ओझीं वाहणें म्हणजे व्यायाम नव्हे. अशा झिजलेल्या देहास प्रथम पोटभर अन्न, विसावा व औषधोपचार हवा. आमचा रोख सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गादीवर बसणाऱ्या व्यापारीबंधूंकडे व सेवानिवृत्तांकडे आहे. तथापि मजुराच्या घरींही हा प्रश्न लहान नाहीं. दसरा उलटला कीं तरणीं माणसें ऊसतोडीस जातात. नातवंडें व घर म्हातारीच्या हवालीं राहतें. ती पडून तिच्या खुब्याचें हाड मोडलें, तर तिला उचलावें कोणीं? तिचे पाय स्थिर असणें हाच त्या घराचा आधार होय.

उपाय खर्चाचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें कीं, आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रम, दोन दिवस स्नायुबळाचा व पासष्टीपुढें तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम असावा. म्हणजे आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास भरभर चालणें, हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून वारंवार उठणें, भिंतीजवळ एका पायावर उभें राहणें. हृदयविकार वा दुखणें असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें.

म्हातारा पारावर गेला तर कोणी विचारीत नाहीं. म्हातारी कामावांचून फिरावयास निघाली कीं बोलणें होतें. आषाढींत तीच पंढरीस पायीं जाते, तेव्हां मात्र तिला हात जोडले जातात! ही विसंगति आतां जावी. ग्रामपंचायतीनें सपाट, उजेडाची व मध्यें बैठका असलेली एक वाट करावी. व्यापाऱ्यांनीं त्यास हातभार लावावा.

वडिलांस मऊ गादी देणारा मुलगा चांगलाच. परंतु सायंकाळीं दुकानांतून उठून त्यांजबरोबर मैलभर चालणारा मुलगा आम्ही अधिक चांगला समजतों.