दाभोळचा तंटा एन्रॉनबरोबर संपला नाही

१/ खराडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या आणि आसपासच्या सोसायट्यांत राहणाऱ्या तरुणांच्या हाती दरमहा महावितरणचे देयक पडते. त्यात ‘स्थिर आकार’ नावाची एक ओळ असते. महिनाभर घर बंद राहिले, एकही दिवा लागला नाही, तरी ती रक्कम भरावीच लागते. महावितरणलाही वीजनिर्मात्यांना असाच एक स्थिर आकार द्यावा लागतो. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या दाभोळ प्रकल्पाचा इतिहास तीन दशके याच ओळीभोवती फिरत आला आहे.

२/ त्या इतिहासाचे प्रचलित रूप सर्वांना पाठ आहे. अमेरिकी एन्रॉन आली, महाराष्ट्राला लुटले आणि डिसेंबर २००१ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत बुडाली. हे कथन खोटे नाही. पण अर्धे आहे, आणि सोयीचेही. खलनायक परका आणि मृत असला की जिवंतांना कोणी जाब विचारत नाही.

३/ जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी राज्य वीज मंडळाने वीज खरेदी करारावर सही केली. दरम्यान, एप्रिल १९९३ मध्येच जागतिक बँकेने प्रकल्पाला पाठबळ नाकारले होते. आयात द्रवरूप वायूवरची महाग वीज चोवीस तास घेण्याची महाराष्ट्राला गरज नाही आणि ती घेतल्यास कोळशावरची स्वस्त वीज मागे ढकलावी लागेल, असा तिचा आक्षेप होता. पुण्यातील ‘प्रयास’ गटाच्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी कराराचे आकडे मांडून हेच दाखवले. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावे लागणार होते, आणि तेही डॉलरशी जोडलेले.

४/ ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ या घोषणेवर १९९५ ची निवडणूक गाजली. युती सरकारने ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्याने वाटाघाटी करून तो स्वीकारला. क्षमता मात्र २०१५ मेगावॅटवरून २१८४ वर गेली. बुडवायला निघालेला प्रकल्प असा मोठा होऊन वर आला.

५/ मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्त्यावर. वायूसाठी उभारलेल्या या प्रकल्पात एन्रॉनच्या हयातीत वायू पोहोचलाच नाही. तेलाचे भाव चढले, रुपया घसरला, काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांपलीकडे गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि संयंत्र बंद पडले. त्याआधी एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीने आपल्या अहवालात हा व्यवहार ज्या पद्धतीने मंजूर झाला, तिच्यावरच बोट ठेवले होते.

६/ इथे थोडे बाहेर पाहायला हवे. २००४ मध्ये एनटीपीसीच्या कवास आणि गांधार केंद्रांसाठी रिलायन्सने १७ वर्षे २.३४ डॉलर दराने वायू देण्याची निविदा जिंकली. पण अंतिम करार झाला नाही. वाद नुसत्या दराचा नव्हता. वायू न पोहोचल्यास पुरवठादाराने किती भरपाई द्यायची, हाही कळीचा मुद्दा होता. डिसेंबर २००५ मध्ये एनटीपीसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००७ मध्ये केंद्राने कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील त्या वायूसाठी ४.२० डॉलरचा दर मान्य केला.

७/ दाभोळ त्याच वायूच्या आशेवर पुन्हा उभे राहिले. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि राज्याच्या वीज कंपनीने मिळून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ स्थापन केली. १० एप्रिल २००७ रोजी महावितरणने ९५ टक्के वीज घेण्याचा करार केला. या वेळी समोर परकी कंपनी नव्हती. दोन्ही बाजूंना सरकारी कंपन्याच होत्या आणि गोडबोले समितीचा अहवाल हाताशी होता. तरीही स्थानिक वायू आटला तर त्याची झळ कोणी सोसायची, हा प्रश्न ग्राहकाच्या बाजूने सुटला नाही.

८/ २००९ पासून कृष्णा-गोदावरीचा वायू आला, २०११ नंतर ओसरला आणि २०१३ मध्ये दाभोळसाठी पूर्ण थांबला. कंपनीने आयात द्रवरूप वायूवर वीज देण्याची तयारी जाहीर केली. इतकी महाग वीज आम्ही मागितलीच नाही, इंधन बदलताना आमची संमती हवी होती, असे म्हणत महावितरणने वीजही घेतली नाही आणि स्थिर आकारही नाकारला. डिसेंबर २०१३ मध्ये संच थांबले.

९/ करारात मात्र नैसर्गिक वायू आणि आयात द्रवरूप वायू एकाच दमात ‘प्राथमिक इंधन’ म्हणून लिहिलेले होते. खरेदीदाराची संमती लागत होती ती नाफ्त्यासारख्या द्रव इंधनाला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जुलै २०१३ मध्ये आणि अपिलीय न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये कंपनीचीच बाजू उचलून धरली. निकालांना दोष देता येत नाही. जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. स्थिर आकाराशिवाय कोणतीही बँक वीजप्रकल्पाला कर्ज देणार नाही, हेही खरेच. पण देशी वायू आणि त्याच्या कितीतरी पट महाग आयात वायू यांना एका तराजूत ठेवणारे कलम २००७ मध्ये महाराष्ट्राने स्वीकारले, तेव्हा त्याचा हात कोणी पिरगाळला नव्हता. एन्रॉनच्या नावाने बोटे मोडताना हे कलम सहसा कोणाच्या आठवणीत नसते.

१०/ नोव्हेंबर २०१५ पासून दाभोळची वीज रेल्वेला मिळू लागली आणि पुढे वायू टर्मिनल ‘कोकण एलएनजी’ या वेगळ्या कंपनीकडे गेले. न घेतलेल्या विजेचा दावा मात्र वाढतच राहिला. तो पाच हजार कोटींच्या पुढे गेल्यावर, ९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. तोवर एन्रॉन बुडून बावीस वर्षे होत आली होती.