फ्लॅनेलच्या गोधडीत कापूस कशाला?
थंडी तोंडावर आली की शिवणाची हौस असलेल्या घरांत फ्लॅनेलचे तुकडे बाहेर निघतात आणि वाद रंगतो: दोन पदरांच्या मध्ये कापूस भरायचा की नाही? मुंबई-कोकणात तरी भरू नये, असं माझं सरळ मत आहे. फ्लॅनेलवरची लव ही कापड विणून झाल्यावर बारीक तारांच्या ब्रशने धागे उकलून काढलेली असते. तिच्यात हवा अडकते आणि ऊब धरते ती हीच हवा. कापूसही दुसरं काही करत नाही. आपल्या गोधडीत तरी कापूस कुठे असतो? जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेकडेने धावदोरा घालत आत सरकायचं, झाली गोधडी. कापूस घातला की टाके जवळजवळ हवेत, नाहीतर चार धुण्यांत तो एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतो. भिजलेली दुलई पिळून दोरीवर टाकणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. नाशिक-महाबळेश्वरकडे भर हवीच वाटली, तर मध्ये जुन्या सुती साडीचा एक थर घाला, पुरतो. कापड मात्र बेतण्याआधी धुऊन घ्या; सुती फ्लॅनेल आटतं. अन् तान्ह्या बाळासाठी शिवत असाल, तर ती खेळायला जमिनीवर अंथरा. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत सुटं पांघरूण ठेवू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.