वीस गुणांसाठीही दाद मागण्याची सोय हवी

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे.

विषय : दहावीच्या अंतर्गत गुणांतील उशिराची कपात आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय

महोदय,

मंडळाच्या परीक्षेचा अर्ज मुदतीत भरायचा राहिला, म्हणून विद्यार्थ्याचे वर्ष लगेच बुडत नाही. नियमित शुल्काची मुदत संपली की विलंब शुल्काची मुदत सुरू होते. तारखा आधी जाहीर होतात, शाळेच्या फलकावर लागतात आणि जादा किती पैसे पडतील हेही पालकाला आधीच कळते. आजारपणामुळे किंवा घरच्या मोठ्या अडचणीमुळे तोंडी अथवा प्रात्यक्षिक परीक्षा हुकलेल्या मुलांसाठी लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा घेतली जाते. मुलांना उशीर होऊ शकतो आणि त्यावर आधी ठरलेला, सर्वांना सारखा नियम असावा लागतो, हे मंडळाने स्वतःच्या कारभारात मान्य केलेले आहे.

हाच न्याय दहावीच्या वर्गात, गृहपाठाच्या वहीपर्यंत पोहोचावा, एवढ्यासाठी हे पत्र.

दहावीच्या प्रत्येक मुख्य विषयाच्या १०० गुणांपैकी २० गुण शाळा देते. भाषांना तोंडी परीक्षा आणि स्वाध्याय, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला आणि सामाजिक शास्त्रांना गृहपाठ व बहुपर्यायी चाचणी असे त्याचे साधारण रूप आहे. सहा विषयांचे मिळून हे १२० गुण होतात. अकरावीच्या प्रवेशासाठी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ धरले तरी ५०० पैकी १०० गुण शाळेतच ठरलेले असतात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. गावातल्या मुलीचे नावही आता त्याच गुणवत्ता यादीच्या क्रमाने वर-खाली होते आणि तिथे एकेका गुणाला वजन असते.

मात्र स्वाध्यायाची वही चार दिवस उशिरा आली तर किती गुण जावेत, याचे उत्तर शाळेगणिक आणि एकाच शाळेत तुकडीगणिक बदलते. एका वर्गात उशिराची वही तपासून पूर्ण गुण दिले जातात. शेजारच्या तुकडीत त्याच वहीवर लाल शाईत ‘उशिरा’ असा शेरा पडतो आणि गुण निम्मे होतात. आणखी कुठे वही घेतलीच जात नाही. तिन्ही शिक्षकांचा हेतू चांगलाच असतो, प्रत्येकाकडे आपापले कारणही असते. पण एकाच यादीत स्पर्धा करणाऱ्या तीन मुलांना तीन वेगळे नियम लागू होतात आणि त्यांपैकी एकही नियम त्यांना जूनमध्ये सांगितलेला नसतो.

गुणांबद्दल दाद मागण्याच्या हक्काचा इतिहास या मंडळाच्या नावाशीच जोडलेला आहे. १९७७ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी मागता येत असे, म्हणजे सगळी उत्तरे तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का एवढेच पाहिले जाई. उत्तरपत्रिका पाहता येत नसे आणि पुनर्मूल्यांकनही नव्हते. हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परितोष भूपेशकुमार शेठ खटल्यात १७ जुलै १९८४ रोजी निकाल मंडळाच्या बाजूने लागला. निकालांना कुठेतरी अंतिमता हवी आणि शैक्षणिक संस्थांच्या निर्णयात न्यायालयांनी सहसा हात घालू नये, ही त्यामागची भूमिका होती. देशभरातल्या परीक्षा मंडळांनी पुढे वर्षानुवर्षे या निकालाचा आधार घेतला.

२०११ च्या ऑगस्टमध्ये चित्र पालटले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला. आज महाराष्ट्रात दहावी-बारावीचा विद्यार्थी गुणपडताळणीसाठी अर्ज करू शकतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवू शकतो आणि ती हाती आल्यावर पुनर्मूल्यांकन मागू शकतो. प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, शुल्क आहे. या सोयीमुळे परीक्षा पद्धत कोलमडली नाही. उलट आपला पेपर स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो, या खात्रीने निकालावरचा विश्वास वाढला.

हे सारे लेखी परीक्षेच्या ८० गुणांपुरते आहे. उरलेल्या २० गुणांसाठी यातला एकही टप्पा नाही. शाळेने गुण भरून पाठवले की विषय संपतो. ते का कापले गेले, हे शिक्षकाने आपणहून सांगितले तर कळते. नाही सांगितले, तर विचारायचे कोणाकडे आणि किती दिवसांत, याचे उत्तर मुलाच्या पालकांकडे नसते.

या गुणांची ताकद मंडळाने आकड्यांत अनुभवली आहे. अंतर्गत गुणांची शाळांतून खिरापत होते, या आक्षेपानंतर २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे राज्य मंडळाची मुले मागे पडतील, अशी ओरड झाली. शासनाने त्याच वर्षी हे गुण परत आणले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउतारामागे इतरही कारणे असतील, पण अंतर्गत गुणांचा वाटा त्यात मोठा होता. २०२१ मध्ये करोनामुळे मंडळाची लेखी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांना २० गुण धरून निकाल लावावा लागला, तो ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी घ्यायची सीईटी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या वर्षी लाखो मुलांचे कॉलेज शाळेतल्या नोंदवहीवर ठरले.

खिरापत आणि मनमानी कपात यांचे मूळ एकच आहे. नियम लिहिलेला नसला आणि नोंद कोणी पाहणार नसले, की उदार शाळा सरसकट २० पैकी २० देते आणि कडक शाळा वहीला कव्हर नाही म्हणूनही गुण कापते. दोन्हीकडे मुलाला त्या विषयातले किती येते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

उशीर कोणाला होतो, हेही पाहायला हवे. मुंबईतल्या रात्रशाळांत दिवसभर दुकानात, कारखान्यात, घरकामाला राबून आलेली मुले दहावीची तयारी करतात. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी आई-बाप फडात असताना मागे राहिलेल्या थोरल्या मुलीवर धाकट्यांचे आणि म्हाताऱ्यांचे करण्याची जबाबदारी पडतेच. ती सोमवारी द्यायची वही शुक्रवारी देते, तेव्हा तिच्या गणितात काही कमी पडलेले नसते. तिचे गुण कापले जातात ते तिच्या परिस्थितीसाठी, आणि गुणपत्रिकेवर दिसतात गणिताच्या नावाने.

शिक्षकांची बाजू याहून कमी महत्त्वाची नाही. साठ-साठ मुलांच्या वर्गांच्या वह्या तपासायच्या, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे करायची आणि गुण भरण्याच्या शेवटच्या दिवशी आलेला गठ्ठाही संपवायचा, ही मागणी कोणी करू नये. मुदतीला काहीच किंमत नसेल, तर वेळेत काम देणाऱ्या मुलांवर तो अन्याय ठरतो. शिवाय अधिकाराच्या जागेवरच्या पालकाने फोन करून गुण वाढवून घ्यावेत, हा त्रासही शिक्षकच सोसतात. लेखी नियम झाला तर अशा फोनला उत्तर देताना शिक्षकाच्या हाती आधार असेल.

असा नियम शिक्षकांना डावलून केला तर काय होते, हे कॅनडातल्या एडमंटन शहरात दिसले. तिथल्या एका शाळेने न दिलेल्या कामाला शून्य देण्यास मनाई केली. भौतिकशास्त्राचे अनुभवी शिक्षक लिंडन डॉर्व्हल यांनी ती जुमानली नाही, तेव्हा २०१२ मध्ये त्यांना आधी निलंबित आणि मग बडतर्फ करण्यात आले. २०१४ मध्ये ती बडतर्फी अन्यायकारक ठरली आणि २०१६ मध्ये अल्बर्टाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. शाळा, शिक्षक आणि मुले यांतल्या कोणाचेच त्यातून भले झाले नाही.

त्याच देशातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने २०१० च्या आपल्या मूल्यमापन धोरणात वेगळी वाट धरली. जबाबदारी, नियोजन, स्वतंत्रपणे काम करणे अशा सहा सवयींची नोंद तिथे प्रगतिपत्रकात विषयाच्या गुणांपासून वेगळी होते. काम उशिरा आले तर शिक्षकाने कारण विचारावे, पालकांशी बोलावे, नवी मुदत ठरवावी, असे उपाय धोरणातच दिलेले आहेत. सातवीपासून पुढे उशिरासाठी गुण कापण्याची मुभाही त्यात आहे, पण ती इतर उपायांच्या जोडीने.

महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या जोडीला शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहीत आले आहेत. ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या सवयीचे आहेत. मूल वेळेवर काम देत नाही, हे लिहायची जागा तिथे आहे आणि त्यासाठी त्याचे गणितातले गुण कमी करावे लागत नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेतही आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्व-विकास व कलारसास्वाद यांसारखे श्रेणी विषय आहेत. नियमितपणाची श्रेणी त्यांच्या शेजारी सहज बसू शकेल.

म्हणून मंडळाकडे चार मागण्या आहेत.

पहिली, उशिरा आलेल्या कामाचा नियम मंडळाने सर्व शाळांसाठी एकच करावा आणि तो शाळा सुरू होताच मुलांना व पालकांना लेखी मिळावा. कपातीला वरची मर्यादा असावी. आजारपण, स्थलांतर, घरातला मृत्यू, रोजंदारी अशी कारणे मुख्याध्यापकांच्या सहीने मान्य व्हावीत आणि त्यासाठी ‘आउट ऑफ टर्न’सारखी दुसरी संधी असावी.

दुसरी, वेळेवर काम देण्याची सवय स्वतंत्र श्रेणीने नोंदवावी. अक्षर, कव्हर, समास यांसाठी विषयाचे गुण जाऊ नयेत.

तिसरी, अंतर्गत गुण मंडळाकडे जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला घटकवार दाखवून त्याची सही घ्यावी आणि आक्षेपासाठी किमान एक आठवडा द्यावा. यासाठी कोणतेही शुल्क असू नये.

चौथी, आक्षेप आला तर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने, आणि शाळा लहान असेल तर जवळच्या शाळेतील शिक्षकाने, ती वही पाहावी. निर्णय कारणासह लेखी मिळावा. वह्या आणि गुणनोंदी निकालानंतर ठरावीक काळ जपून ठेवाव्यात. नियमाप्रमाणे गुण देणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी मंडळाने उभे राहावे.

यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. एक परिपत्रक आणि त्याआधी शिक्षक व मुख्याध्यापक संघटनांशी चर्चा पुरेशी आहे. मंडळाची नऊ विभागीय कार्यालये आहेत आणि शाळांकडून गुण ऑनलाइन मागवण्याची व्यवस्थाही आहे. त्याच व्यवस्थेत ‘विद्यार्थ्याने गुण पाहिले’ अशी एक नोंद वाढवावी लागेल.

पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी हे परिपत्रक काढावे आणि लेखी पेपराच्या ८० गुणांना मिळालेला न्याय या २० गुणांनाही मिळवून द्यावा, ही मंडळाला कळकळीची विनंती.