दोन प्रोसेसरचा जुना मदरबोर्ड : भंगारात की पुन्हा टेबलावर?

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. काही नवा संगणक घ्यायला येतात, काही जुना जगवायला. नव्याची दुकाने झगमगीत आहेत. जुन्याची दुनिया मात्र जिन्याच्या आडोशाला, अरुंद गाळ्यांत आणि छोट्या टेबलांवर चालते. एक भिंग, एक मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंग आयर्न एवढ्या भांडवलावर इथले कारागीर 'आता बदलावाच लागेल' असे सांगून परत पाठवलेले बोर्ड पुन्हा चालू करून देतात.

या कसबाची खरी परीक्षा होते ती जुन्या वर्कस्टेशनच्या मदरबोर्डवर, त्यातही ज्यावर दोन प्रोसेसर बसतात अशा बोर्डवर. छापखाने, आर्किटेक्टची कार्यालये, लग्नाच्या चित्रफिती जुळवणारे स्टुडिओ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्यासाठी अशी यंत्रे होती. आज त्यांतली कित्येक माळ्यावर धूळ खात पडली आहेत. त्यांचे करायचे काय? भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी थोडी माहिती करून घेतलेली बरी.

दोन प्रोसेसर कशासाठी?

स्वयंपाकघरात एकटी व्यक्ती पोळी लाटते आणि भाजतेही. दुसरे कोणी मदतीला आले, तर एकाने लाटायची, दुसऱ्याने भाजायची. काम झपाट्याने उरकते, पण दुप्पट वेगाने नाही. कारण परात एकच, शेगडी एकच आणि ओटाही तेवढाच. दोन प्रोसेसरच्या जुन्या संगणकाचे तसेच आहे. हिशोब करणारे दोघे असतात, पण स्मरणशक्ती आणि तिच्याकडे जाणारा रस्ता सामाईक असतो. शिवाय काम दोघांत वाटून देणारी प्रणाली हवी. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. विंडोज एनटी, विंडोज २००० आणि लिनक्स यांना तो वापरता येई.

दुसऱ्या प्रोसेसरचे मोल दिल्लीने फार आधी जाणले होते. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडे दोन प्रोसेसरचा क्रे महासंगणक मागितला होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळाला तो एकाच प्रोसेसरचा क्रे एक्स-एमपी १४, आणि तो दिल्लीत बसवला गेला. पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला.

घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात ही चैन आली ती १९९९ मध्ये. तैवानच्या अबिट कंपनीने 'बीपी ६' नावाचा बोर्ड काढला. इंटेलचे स्वस्तातले सेलेरॉन प्रोसेसर त्यावर कोणताही फेरफार न करता जोडीने बसत. इंटेलने सेलेरॉन बनवला होता एकट्याने चालण्यासाठी. पण या बोर्डने महागड्या वर्कस्टेशनचे काम स्वस्तात करून दाखवले. हौशी मंडळी तर ३६६ मेगाहर्ट्झचे प्रोसेसर ५५० पर्यंत पळवत. पुढच्या पिढीतल्या सेलेरॉनमध्ये जोडीने चालण्याची सोय राहिली नाही. २००५ पासून एकाच चिपमध्ये दोन गाभे येऊ लागले आणि घरासाठी असे बोर्ड घेण्याचे कारणच उरले नाही. अबिटनेही २००८ च्या अखेरीस मदरबोर्डचा धंदा बंद केला.

बोर्ड मरतो कशाने?

कंपनी उरली नाही म्हणून बोर्ड निकामी होत नाही. त्यातल्या महागड्या चिप्स पंचवीस वर्षांनंतरही बहुधा शाबूत असतात. दगा देतात ते कपॅसिटर, म्हणजे प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे असलेले छोटे गोल डबे. वीजपुरवठ्याच्या पेटीतून आलेला दाब बोर्डवर कमी करून प्रोसेसरला दिला जातो. जुन्या सेलेरॉनला जेमतेम २ व्होल्ट लागतात. हा पुरवठा सपाट आणि स्थिर ठेवणे हे कपॅसिटरचे काम. दोन प्रोसेसर म्हणजे अशी दोन ठिकाणे आणि त्रासही दुप्पट.

त्यात १९९९ नंतरच्या काही वर्षांत एक मोठे संकट आले. सदोष द्रव भरलेले कपॅसिटर बाजारात आले आणि अनेक कंपन्यांच्या बोर्डवर बसले. आत वायू तयार होई, डबा फुगे आणि डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येई. बीपी ६ सुद्धा कपॅसिटरच्या तक्रारींसाठी कुप्रसिद्ध होता. संगणक मध्येच बंद पडणे, एकच प्रोसेसर ओळखला जाणे, थंड असताना सुरूच न होणे ही लक्षणे दिसली, तर आधी कपॅसिटरची डोकी पाहावीत. सपाट असतील तर ठीक. फुगलेली असतील तर दोषी सापडलाच म्हणून समजा. मात्र डोके सपाट असूनही कपॅसिटर आतून सुकलेला असू शकतो. त्यासाठी मीटरने तपासणी हवी.

दुरुस्तीची रीत

पहिले काम सफाईचे. मऊ ब्रशने धूळ काढावी, पंखे हाताने फिरवून पाहावेत, प्रोसेसरवरचा सुकलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावावा. तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल बदलावा. तो संपला की बोर्ड तारीख आणि मांडणी विसरतो, आणि पुष्कळदा एवढ्यावरच यंत्राला मृत ठरवले जाते.

त्यानंतर कपॅसिटर. नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअस सोसणारा आणि कमी अंतर्गत रोधाचा हवा. दिल्लीत असे सुटे भाग लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात मिळतात. फुगलेला एकच बदलून भागत नाही; त्याच्या रांगेतले बाकीचेही त्याच वयाचे असतात. काढण्यापूर्वी प्रत्येकाची दिशा कागदावर टिपून ठेवावी किंवा छायाचित्र घ्यावे. डब्यावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. दिशा चुकली तर कपॅसिटर फुटू शकतो.

हे काम शिकाऊ हाताने पहिल्यांदा अशा बोर्डवर करू नये. मदरबोर्ड अनेक थरांचा असतो. आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे जोडातले शिसे-कथिल लवकर वितळत नाही. जोर लावून ओढले तर छिद्रातले तांब्याचे अस्तरच बाहेर येते आणि बरा होणारा रोगी दगावतो. आधी एखाद्या टाकाऊ बोर्डवर हात बसवावा किंवा जाणत्या कारागिराकडे जावे. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतणारा विद्युतभार राहू शकतो.

सुधारणा किती, कुठवर?

दुरुस्त झालेला बोर्ड आणखी बलवान करण्याचा मोह होतो. तिथे हिशोब ठेवावा. बीपी ६ वर स्मरणशक्ती ७६८ मेगाबाइटपर्यंतच वाढते. २५६ मेगाबाइटच्या पट्ट्या घ्यायच्या तर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप्स असलेल्या घ्याव्यात. कमी चिप्सच्या पट्टीची निम्मीच क्षमता दिसते. दोन्ही प्रोसेसर एकाच जातीचे आणि वेगाचे असावेत. वीजपुरवठा निवडताना ५ व्होल्टच्या तारेची ताकद पाहावी. आजच्या पेट्यांचा भर १२ व्होल्टवर असतो, जुन्या बोर्डची भूक ५ व्होल्टची.

सर्वांत जास्त फरक जाणवतो तो डिस्कने. घरघरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कऐवजी साध्या जोडणीवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवता येते. यंत्र चपळ होते आणि आवाजही जातो. जुन्या डिस्कवरच्या मजकुराची नक्कल मात्र आधी काढून घ्यावी.

एवढे करूनही हा संगणक आजच्या कामाचा होत नाही. विंडोज ११ ला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो; हे प्रोसेसर ३२ बिटचे. जुन्या विंडोजला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, म्हणून त्यावर इंटरनेट किंवा बँकेचे व्यवहार नकोत.

मग खटाटोप कशासाठी? जुन्या कामासाठी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत लाखो पाने जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. काही सॉफ्टवेअरना संगणकाच्या मागच्या बाजूला लावायचे कुलूप लागे. सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड बोर्डच्या खाचेत बसे. असे कार्ड किंवा कुलूप ओळखणाऱ्या जागा नव्या संगणकावर नसतात. एखाद्या मंडळाचे अंक, आजोबांचे अप्रकाशित लेखन किंवा कारखान्यातल्या यंत्राचे नकाशे अशा यंत्रावरच उघडणार असतील, तर बोर्डबरोबर मजकूरही वाचतो. तो उघडावा, छापून किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

भंगाराचा रस्ता

दुरुस्त न झालेला बोर्ड जातो कुठे? दिल्लीत हा रस्ता बहुधा ईशान्येच्या सीलमपूरकडे वळतो. तिथे छोट्या कामठ्यांत बोर्ड हातांनी सोडवले जातात. तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्यासाठी आम्ल वापरले जाते. बीपी ६ च्या काळातल्या बोर्डच्या जोडकामात शिसे आहे. धूर आणि आम्ल यांची किंमत हे काम करणाऱ्यांची फुप्फुसे मोजतात. बायका आणि मुलेही त्यातून सुटत नाहीत.

कायदा आहे. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम मे २०१२ पासून लागू झाले. नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि त्यांतही कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावरच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चालू स्थितीतले कितीतरी संगणक भंगाराच्या वाटेला लागले. त्यांतल्या अनेकांवर लिनक्स सुखाने चालू शकते.

तेव्हा माळ्यावरचे यंत्र खाली काढा. त्यावर काय आहे ते पाहा. कपॅसिटरची डोकी तपासा आणि कारागिराला दाखवा. दुरुस्त होण्यासारखे असेल तर जगवा. नसेल तर डिस्क काढून घ्या, चांगले सुटे भाग दुरुस्तीवाल्याला द्या आणि उरलेले नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवा. दारावरच्या भंगारवाल्याकडून मिळणाऱ्या चार पैशांची किंमत सीलमपूरमध्ये दुसरेच कोणीतरी चुकवत असते.