भावंडांची ताटातूट नको

समुद्रपर्यटनाच्या जहाजांवर तीन ते पाच, सहा ते आठ अशा वयोमर्यादा ठरवून बालकांचे निरनिराळे गट करण्याचा जो शिरस्ता आहे, त्याचे अनुकरण लोणावळ्याच्या हॉटेलांतील बालकक्षांनी सरसकट करू नये, असे मला कळकळीने वाटते. तरणतलावापाशी वयाची अट सक्तच हवी. परंतु पावसाने कोंडलेल्या दुपारी मातीकाम चालू असता, चार वर्षांच्या बहिणीचा हात धरून आलेल्या नऊ वर्षांच्या भावास निराळ्या खोलीत धाडण्याचे प्रयोजन काय? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती धाकट्यांना सांभाळणाऱ्या थोरल्यांची शाळा बुडू नये म्हणून. लोणावळ्याच्या हॉटेल-व्यवस्थापकांनी निदान बालकक्षातील रोजचा एक तास तरी सर्व वयांस खुला ठेवावा.