कर्ता कोठे गेला?

ज्याने म्हणून शाळेत इंग्रजी व्याकरण गिरविले, त्याने आपल्या आयुष्यात निदान शेपन्नास उंदीर मांजराकडून मारवून घेतलेच असतील! आधी ‘द कॅट किल्ड द रॅट’, आणि मास्तरांनी डोळे वटारताच ‘द रॅट वॉज किल्ड बाय द कॅट’. उंदराला पुढे आणावयाचे, मांजराला ‘बाय’ची दोरी बांधून मागे उभे करावयाचे, की झाले, गुण पदरात पडत. मात्र उंदराला पुढे का आणावयाचे, आणि कोणत्या प्रसंगी, हे सांगण्याच्या भरीस कोणी पडत नसे. त्यामुळे वाक्य उलटविण्याची कला आम्हांस आली. ते कधी उलटवावे याची अक्कल आली नाही.

त्यातून आपली मराठी याबाबतीत मोठी खट्याळ. ‘मांजराने उंदीर मारला’, ‘मांजराने घूस मारली’. क्रियापद कर्माच्या मागून चालते, म्हणून आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र हेच वाक्य सरळसोट ‘ॲक्टिव्ह’. तेव्हा ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ हे समीकरण घोकलेला विद्यार्थी भाषांतर करताना अडखळला, तर त्याचा फारसा दोष नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत आपल्याकडे व्याकरणाचा पुष्कळ खल झाला. पण घरातल्या मुलाला एवढेच सांगावे की, इंग्रजीत लिहिताना मराठी प्रयोगाचे नाव विसर आणि विचार, ‘वाक्याच्या तोंडाशी कोण उभा आहे, करणारा की सोसणारा?’

आता कर्त्याला लपविण्याचे म्हणाल, तर त्यासाठी मराठी माणसाला ‘पॅसिव्ह’ची गरजच लागत नाही. स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज होतो आणि आतून उत्तर येते, ‘कप फुटला!’ कोणी फोडला? कोणी नाही, तो आपला आपण फुटला. दूध उतू जाते, किल्ली हरवते, टेलिफोनचे बिल भरायचे राहून जाते. सगळ्या गृहस्थाश्रमात कर्ता म्हणून कोणी सापडेल तर शपथ! आणि गंमत अशी की, इंग्रजीतले ‘द कप ब्रोक’ हेदेखील ‘ॲक्टिव्ह’च असते. म्हणजे नुसता ‘ॲक्टिव्ह’ लिहिला की लेखक प्रामाणिक झाला, असे मानण्याचे कारण नाही.

कपाच्या बाबतीत हे सारे हसण्यावारी नेता येते. कारखान्यात येत नाही.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव दापोडीस राहतात. एका बाजूला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, दुसरीकडे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि पुढे पिंपरी, चिंचवड, चाकणपर्यंत कारखान्यांची रांग. त्या रांगेतल्याच एका कारखान्यात ते इंजिनिअर आहेत. मध्यंतरी ते एक कागद घेऊन आले. ‘काका, अपघाताचा रिपोर्ट आहे. इंग्रजी तेवढे नजरेखालून घाला.’

इंग्रजी अगदी स्वच्छ होते. ‘द गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड. द प्रेस वॉज स्टार्टेड. टू फिंगर्स वेअर इंजर्ड.’ तीन वाक्ये, आणि तिन्हींत मिळून माणूस एकही नाही! गार्ड निघाला, प्रेस सुरू झाला, बोटे दुखावली. ती बोटे कोणाच्या तरी हाताची होती, एवढेसुद्धा कागदावरून कळत नव्हते.

‘गार्ड काढला कोणी?’ आम्ही विचारले.

‘ते सगळ्यांना ठाऊक आहे, काका.’

‘मग कागदालाच का ठाऊक नाही?’

चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘फिटरचे नाव घातले तर तो बिचारा घरी बसेल. आणि त्याला काढायला सांगणारा निराळाच होता.’

अडचण खरी होती आणि मुलगा मनाने चांगला होता. पण त्याच्या चांगुलपणाने फिटर वाचत होता तसा तो दुसराही वाचत होता. आणि हेल्परच्या बोटांचा जाब कोणालाच द्यावा लागत नव्हता. नुसते ‘फिटरने गार्ड काढला’ असे लिहिणे हेही तितकेच वाईट. त्यात कर्ता येतो, पण अर्धाच. शेवटी नावे न घालता हुद्दे घालून वाक्य असे बसले: ‘द फिटर रिमूव्ह्ड द गार्ड ऑन द शिफ्ट इन्चार्जेस इन्स्ट्रक्शन, बिकॉज द डाय वॉज जॅमिंग.’ डाय अडकत होती, काम खोळंबत होते, म्हणून इन्चार्जने सांगितले, म्हणून फिटरने गार्ड काढला. आता दुरुस्त काय करावयाचे हे वाचणाऱ्याला दिसू लागले. पहिल्या तीन वाक्यांत ती डाय कोठेच नव्हती!

यावर कोणी म्हणेल की, कायदासुद्धा कर्मणीतच बोलतो. बोलतो खरा. १९४८ च्या कारखाने कायद्यातले २१वे कलम यंत्रांना कुंपण घालण्याविषयी होते, आणि त्याची भाषा ‘शॅल बी सिक्युअरली फेन्स्ड’ अशीच होती. कुंपण ‘घातले जावे’. परंतु कायदा करणारे आपल्याहून हुशार! पुढे ९२व्या कलमात त्यांनी नियमभंगाची जबाबदारी कारखान्याचा भोगवटादार आणि व्यवस्थापक यांच्या गळ्यात घालून ठेवली होती. आमच्या रिपोर्टांना असे ९२वे कलम नसते.

‘पॅसिव्ह’ वाक्य दिसले की ते लबाडच, असे मात्र कोणी समजू नये. दापोडीचेच एक जुने उदाहरण सांगतो. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी येथे कॅप्टन फोर्डची पलटण होती. त्याचा बंगला १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी मुंबई सरकारसाठी घेतला, आणि त्याच्या आवारात वनस्पतींची सरकारी बाग उभी राहिली. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन या बागेचे अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० या काळात, त्यांनी तेथील झाडाफुलांची शेदीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढवून घेतली. ही ‘दापुरी चित्रे’ आज एडिंबरोच्या शाही वनस्पति-उद्यानात जपून ठेवलेली आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर सुरेख ग्रंथही काढला. चित्रे काढली कोणी? पोर्तुगीज-हिंदी वंशाचा कोणी चित्रकार होता, एवढेच कळते. नाव कोणी टिपून ठेवले नाही. करवून घेणारा इतिहासात राहिला, करणारा गेला.

अशा ठिकाणी ‘द ड्रॉइंग्ज वेअर मेड ॲट दापोडी’ हेच वाक्य खरे. कर्ता ठाऊक नाही, म्हणून लिहिला नाही. रिपोर्टात तो ठाऊक होता, तरी लिहिला नव्हता. दोन्ही वाक्यांचे व्याकरण एकच!

कधी कर्त्याची कोणाला मातब्बरीच नसते. ‘द मिक्स्चर वॉज हीटेड टू सिक्स्टी डिग्रीज’ येथे शेगडी कोणी पेटविली हे विचारीत बसण्यात अर्थ नाही. तसेच बंगल्याविषयीच परिच्छेद चालला असेल, तर ‘द बंगलो वॉज बॉट बाय माल्कम’ असेच लिहावे. बंगला बोलत असताना मध्येच माल्कमसाहेबांना खुर्चीवर बसवू नये. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, शक्य तेथे ‘पॅसिव्ह’ टाळा, असा दंडक घातला खरा. पण त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ‘पॅसिव्ह’ येऊन बसला आहे. दंडक घालणाऱ्यांचे असेच चालते.

उधारी मागतानाही हा प्रयोग उपयोगी पडतो. ‘यू हॅव नॉट पेड’ म्हटले की गिऱ्हाईक बिथरते; ‘द बिल हॅज नॉट बीन पेड’ म्हटले की त्याची अब्रू राहते आणि पैसेही येण्याचा संभव असतो. नोकरीच्या अर्जात मात्र हा विनय नडतो. ‘थ्री इयर्स एक्स्पीरियन्स हॅज बीन गेन्ड बाय मी’ असे लिहिणारे उमेदवार आम्ही पुष्कळ पाहिले. ‘मी’ म्हणणे उद्धटपणाचे, हा आपल्या घरचा संस्कार; पण अर्ज वाचणारा तुमच्या अनुभवाला नोकरी देणार नसतो, तुम्हांला देणार असतो. तेथे खुशाल ‘आय’ लिहावा, आणि पुढे लगेच काय केले ते लिहावे: कोणते यंत्र चालविले, किती माणसे हाताखाली होती, कोणते बिघाड स्वतः काढले.