गनिमी कावा कुणाविरुद्ध? आळेफाट्याचा चौक, वतनाचा मोह आणि पक्षांतराची भलामण

१/
पुणे–नाशिक महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा. कांद्याच्या गाड्या, एसटी आणि निवडणूक आली की प्रचाराचे रथ, सारे याच चौकातून जाते. गेल्या काही वर्षांत त्या रथांवरील माणसे आणि चिन्हे यांचा मेळ लागेनासा झाला. परंपरानिष्ठ म्हणवणाऱ्या अनेक भाष्यकारांनी त्याला एक भारदस्त नाव दिले: ‘गनिमी कावा’. हा थ्रेड त्या शब्दाच्या गैरवापराविषयी.

२/
आधी उदाहरण. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूर मतदारसंघात डॉ. अमोल कोल्हे यांनी ‘घड्याळ’ चिन्हावर शिवाजीराव आढळराव पाटील यांचा पराभव केला. आढळराव तेव्हा शिवसेनेचे खासदार. कोल्हे त्याच वर्षी शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेले. २०२४ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहिले. या वेळी ‘घड्याळ’ आढळरावांच्या हाती होते आणि कोल्हे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेऊन आले होते. ज्या चिन्हाने हरवले, तेच चिन्ह घेऊन हरलेला उमेदवार मते मागत होता.

३/
विधानसभेचे चित्र वेगळे नाही. जुन्नरमधून शरद सोनवणे २०१४ साली मनसेचे राज्यातील एकमेव आमदार म्हणून निवडून आले, २०१९ ला शिवसेनेकडून लढून हरले आणि २०२४ ला अपक्ष म्हणून जिंकले. शेजारच्या आंबेगावातून १९९० पासून सतत निवडून येणारे दिलीप वळसे पाटील जुलै २०२३ च्या फुटीत अजित पवारांसोबत गेले. पुढच्या निवडणुकीत त्यांचे मताधिक्य जेमतेम दीड हजारांवर आले. यात कोणताही एक पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही.

४/
आता शब्दाकडे. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. गनिमी काव्याला शत्रू लागतो. तो नसेल तर उरतो केवळ कावा. याच जुन्नरने खरा गनिमी कावा पाहिला आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री शिड्या लावून जुन्नरची तटबंदी ओलांडली आणि मोगलांच्या या श्रीमंत ठाण्यातून सुमारे तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. फसला तो मोगल ठाणेदार.

५/
पक्षांतरात फसतो कोण? प्रतिस्पर्धी पक्ष फसत नाही; तो तर बहुधा सौद्याचा भागीदार असतो. फसतो तो मतदार, ज्याने एका नावाला, एका चिन्हाला आणि एका विरोधाला मत दिलेले असते. स्वतःच्या मतदाराला गनीम मानल्याशिवाय या कृत्यास ‘गनिमी कावा’ म्हणता येत नाही. भाष्यकारांना हे मान्य असेल, तर त्यांनी ते आळेफाट्याच्या सभेत उघड सांगावे.

६/
प्रचाराचा नारळ मात्र शिवनेरीवर फुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘शिवस्वराज्य यात्रा’ तेथूनच निघाली. दर १९ फेब्रुवारीला सत्तेतील मंडळी तेथेच नतमस्तक होतात. नतमस्तक व्हावेच. पण ज्यांच्या जन्मस्थानी मस्तक टेकवायचे, त्यांनी निष्ठेच्या प्रश्नाचे काय केले, हेही एकदा वाचावे.

७/
१६५९. अफजलखान स्वारीवर निघाला. आदिलशाहीचे फर्मान मावळातील देशमुखांना गेले: खानास सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. रोहिडखोऱ्यातले कान्होजी जेधे आपल्या मुलांसह ते फर्मान घेऊन महाराजांकडे आले. वतन सांभाळायचे तर खानाकडे जा, असे महाराजांनीच सुचवल्याचे जेधे करिन्यात येते. कान्होजींनी वतनावर पाणी सोडले आणि ते राहिले.

८/
त्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले. पुढे पकडले गेल्यावर कान्होजींनी रदबदली केली म्हणून प्राण वाचले. एक हात आणि एक पाय गेला. प्रचारसभांतून ‘गद्दार’ म्हणून टाळ्या घेणाऱ्यांना एवढीच गोष्ट ठाऊक असते. पण महाराजांचे मोठेपण शिक्षेत संपत नाही. ते पुढच्या व्यवस्थेत आहे.

९/
महाराजांनी ओळखले होते की फितुरीचे मूळ माणसाच्या स्वभावाइतकेच वतनाच्या रचनेत आहे. त्यांनी वतने सरसकट बुडवली नाहीत. देशमुखांचे कोट-हुडे पाडायला लावले, वसुलीवर सरकारी अंमलदार नेमले आणि शक्य तेथे जहागिरीऐवजी रोख पगार दिला. हेतू असा, की माणसाची निष्ठा त्याच्या मिळकतीशी नव्हे, राज्याशी बांधली जावी. सभासदाने हे नोंदवून ठेवले आहे.

१०/
सभासदाने हे जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले. नेमक्या त्याच काळात ती व्यवस्था मोडत होती. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला. औरंगजेब वतनांचे आमिष दाखवून सरदार फोडत होता. ते रोखण्यासाठी मराठ्यांनाही वतने-सरंजाम द्यावे लागले. १६९१ च्या एका सनदेत घोरपडे सरदारांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली घेतल्यावर द्यावयाच्या रकमांचे वचन आहे. न जिंकलेल्या मुलखावरचे ते देणे होते.

११/
राजाराम महाराजांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. राज्यच बुडत असताना ती तडजोड होती आणि तिने राज्य वाचवले. तरी तिची किंमत चुकली नाही. अठराव्या शतकातले सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले आणि सातारची गादी नामधारी उरली. आपद्धर्म नित्यधर्म झाला की राज्याचे काय होते, याचा हा धडा आहे.

१२/
तो धडा सर्वांत नेमका लिहिला रामचंद्रपंत अमात्यांनी. जिंजीच्या काळात महाराष्ट्रातला कारभार त्यांच्याकडे होता. वतने देण्याचा कटू अनुभव त्यांचा स्वतःचा. त्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला सल्ला थोडक्यात असा: वतनदार हे लहानसे राजेच असतात, त्यांना मोकळे सोडू नये आणि उगाच उच्छेदूही नये, गोडी आणि जरब यांच्या मध्ये ठेवावे. मराठीतली परंपरानिष्ठ राज्यनीती म्हणतात ती ही. तिचे मर्म संयमात आहे, जयघोषात नाही.

१३/
आजचे वतन कोणते? मंत्रिपद, महामंडळ, कारखान्याची थकहमी, मतदारसंघाचा निधी, चौकशीपासून अभय. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली. तरीही जून २०२२ आणि जुलै २०२३ घडले. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी दोन्ही प्रकरणांत कोणत्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरवला नाही. पक्ष दोनदा फुटले, कायद्याच्या लेखी दोषी मात्र कुणीच नाही.

१४/
पहिला आक्षेप: ‘शहाजीराजांनीही निजामशाही, मोगल, आदिलशाही अशा चाकऱ्या बदलल्या.’ खरे आहे. पण शहाजीराजे कोणाची मते मागून सरदार झाले नव्हते. त्यांचा करार सुलतानाशी होता. आमदाराचा करार मतदाराशी असतो, आणि एक पक्ष परस्पर तो बदलू शकत नाही. सरदाराची मुभा लोकप्रतिनिधीने मागणे म्हणजे स्वराज्याच्या आधीच्या काळात परत जाणे.

१५/
दुसरा आक्षेप: ‘सुरुवात त्यांनी केली, १९७८ आठवा.’ जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडून पुलोदचे मंत्रिमंडळ बनवले, हे कोणी विसरलेले नाही. विसरूही नये. पण त्यावर ज्यांनी चार दशके ‘खंजीर’ म्हणून टीका केली, त्यांनीच २०२३ साली त्याच पद्धतीला मुत्सद्देगिरी म्हणावे? मग त्यांचा राग खंजिरावर नव्हता. तो कोणाच्या हाती होता, एवढ्यावरच होता.

१६/
तिसरा आक्षेप: ‘राजकारणात दुसरा मार्गच नसतो.’ असतो, आणि तो याच राज्यात चालून दाखवला गेला आहे. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकी सोडली, मालवणची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. २०१९ मध्ये उदयनराजे भोसले यांनी साताऱ्याची खासदारकी सोडली, भाजपमध्ये गेले, पोटनिवडणूक लढले आणि श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले. एक जिंकला, एक हरला. दोघांनी निकाल मतदारांकडून घेतला.

१७/
जुनी मूल्ये जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? शहरांची नावे, पुतळे, जयंत्या यांवर परंपरानिष्ठ भाष्यकार अखंड बोलतात. ते विषय गौण नाहीत. पण दिलेला शब्द, मिळालेला कौल आणि पूर्वसुरींनी उभारलेल्या संस्था हाही वारसाच आहे. पुरोगाम्यांनी पक्षांतर खपवून घेतले तर तो त्यांचा दोष; वारशाची भाषा करणाऱ्याने खपवून घेतले तर ती त्याच्याच विचाराशी फितुरी आहे.

१८/
म्हणून मागणी एकच आणि साधी: पक्ष सोडायचा तर जागाही सोडावी, कारण कोणताही असो आणि दिशा कोणतीही असो. आळेफाट्याच्या चौकात पुढचा रथ थांबेल, शिवरायांचा जयघोष होईल, तेव्हा जयघोषात सामील व्हावे. तो संपला की विचारावे: कान्होजींनी वतनावर पाणी सोडले होते, साहेब, आपण कशावर सोडलेत?